आखूड बॅरलचं एआर पिस्तूल: ग्रुप किती इंचांचा यावा आणि तो खरा कसा मोजावा

अमेरिकेत नवं एआर पिस्तूल घेतलेला मराठी माणूस रेंजवर भेटला की प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "दादा, शंभर यार्डांवर चार-पाच इंचांचे ग्रुप येतायत. बॅरल आखूड आहे म्हणूनच ना?" बहुतेक वेळा याचं उत्तर नाही असं असतं. आखूड बॅरलमुळे गोळीचा वेग घटतो, आवाज आणि भडका वाढतो. गोळ्या एकाच जागी पडण्याशी मात्र लांबीचा संबंध फार थोडा आहे. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, पसरतो तो स्वस्त राउंडमुळे (काडतुसांमुळे), हत्यार टेकवण्याच्या पद्धतीमुळे, जड ट्रिगरमुळे, आणि कित्येकदा तो मुळात नीट मोजलेलाच नसतो. म्हणून बॅरल बदलायला निघण्याआधी एक दिवस नीट चाचणीला द्या. ती कशी करायची आणि कुठल्या आकड्यावर समाधान मानायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं, कारण आपल्या लोकांना ते नेमकं लागू पडतं. एआर पिस्तूल म्हणजे एआर-१५ चीच यंत्रणा, १६ इंचांहून आखूड बॅरल, आणि मागे खांद्याला लावायच्या दस्त्याऐवजी नुसती बफर ट्यूब (मागची नळी) किंवा तिच्यावर बसवलेला, हाताला आधार देणारा ब्रेस. त्याला खरा दस्ता लावलात की ती 'शॉर्ट बॅरल रायफल' होते आणि १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली आधी मंजुरी आणि नोंदणी लागते. ब्रेसवर एटीएफने (बंदुकांचे नियम सांभाळणाऱ्या संघराज्य संस्थेने) २०२३ मध्ये आणलेला नियम टेक्सासमधल्या संघराज्य न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सी यांसारख्या राज्यांत असं हत्यार बाळगणं तुम्हाला थेट अडचणीत आणू शकतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याचं हत्यार हातात घेणंही त्यातच मोडतं. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. मित्राने "अरे, चार गोळ्या मारून बघ" म्हटलं म्हणून हात लावू नका, आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट वेगळी, त्याला ही मनाई लागू नाही.

आता बॅरलकडे येऊ.

एका टोकाला पकडलेली पट्टी जितकी लांब, तितकी ती जास्त वाकते, आणि हे वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे जाडी तीच ठेवून २० इंचांचं बॅरल १० इंचांचं केलं, तर तेवढ्याच जोराला ते एक अष्टमांशच वाकेल. गोळी सुटताना बॅरल थरथरतं आणि त्या थरथरीमुळे तोंडाची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. आखूड, ताठ बॅरलमध्ये हा प्रकार कमी होतो. ताठपणाच्या हिशेबात आखूड बॅरल सरसच ठरतं.

मग ही अपकीर्ती आली कुठून? माझ्या मते बरीचशी लोखंडी साइटवरून. बॅकसाइट आणि फोरसाइट यांच्यातलं अंतर १४ इंच असेल, तर फोरसाइट इंचाचा शंभरावा भाग सरकली की नेम सुमारे अडीच एमओएने (एमओए हे कोनाचं माप, शंभर यार्डांवर साधारण एक इंच) चुकतो. तेच अंतर २० इंच असेल तर चूक पावणेदोन एमओएच्या आत राहते. पूर्वी हातातली आखूड बंदूक खरोखरच जास्त चुकायची, पण ती चूक डोळ्याची होती. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा दुर्बीण, म्हणजे कुठलाही ऑप्टिक, लावला की हे कारणच उरत नाही.

आखूड बॅरलची खरी अडचण एकच, ती म्हणजे तोंडावरचा दाब. एआरचं नेहमीचं ५.५६ (मिमी) चं काडतूस लांब बॅरलसाठी जन्माला आलं. साडेदहा इंचांनंतर गोळी बाहेर पडते तेव्हा मागचा वायू अजून जोरात असतो आणि तो गोळीच्या बुडाला ढकलत तिच्याबरोबर बाहेर येतो. बॅरलचं तोंड, म्हणजे क्राउन, एका बाजूने चेपलेलं असेल किंवा तोंडावरचा फ्लॅश हायडर (भडका लपवणारा तुकडा) तिरका बसला असेल, तर तो वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. लांब बॅरलमध्ये खपून जाणारा असा दोष इथे ग्रुपमध्ये दिसतो.

वेगाचे आकडे डोळ्यासमोर असू द्या. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) एम१९३ गोळी २० इंचांच्या बॅरलमधून सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास जाते, साडेदहा इंचांतून सुमारे २,७००, आणि साडेसात इंचांतून २,४०० च्याही खाली. साडेसात इंचांचं बॅरल मी कुणाला सुचवत नाही. नेम त्याचाही बरा लागतो, पण वेग इतका जातो आणि कानठळ्या इतक्या बसतात की हातात पडतो तो फक्त आखूडपणा. ५.५६ मध्ये साडेदहा ते साडेअकरा इंच ही समंजस लांबी आहे. अमेरिकन नौदलाच्या खास पथकांनी वापरलेल्या एमके १८ चं बॅरलही १०.३ इंचांचंच आहे.

अपेक्षा किती ठेवायची

ज्यांनी एनसीसीत .२२ ची रायफल घेऊन ग्रुपिंग केलं आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांपैकी सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेलं. ते कोनात सांगायचं एकक म्हणजे एमओए, अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर १ एमओए म्हणजे १.०४७ इंच, ५० यार्डांवर जेमतेम अर्धा इंच, २५ वर पाव इंच. रोजच्या हिशेबाला 'शंभर यार्डांना एक इंच' पुरतं.

साडेदहा इंचांचं, ठीकठाक कंपनीचं बॅरल, बाकावर टेकवून, दहा गोळ्यांचा ग्रुप: ५५ ग्रेनच्या साध्या एफएमजे (फुल मेटल जॅकेट) राउंडने ३ ते ४ एमओए आला तर हत्यार अगदी तंदुरुस्त आहे. हिरव्या टोकाच्या एम८५५ नेही साधारण तेवढंच धरा, कधी जरा जास्त. ६९ किंवा ७७ ग्रेनच्या मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) राउंडने दीड ते अडीच एमओए यायला हवा. दहा गोळ्यांत १ एमओए देणारी एआर पिस्तुलं असतात, पण तेवढं हवं असेल तर बॅरल, ट्रिगर आणि राउंड तिन्हींवर पैसे घालावे लागतात. आणि या प्रकारच्या हत्याराला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. मॅच राउंडनेही ५ एमओएच्या पुढे जात असेल तर मात्र काहीतरी बिघडलेलं आहे, ते शोधा.

साध्या आणि मॅच राउंडमध्ये एवढा फरक का पडतो, हे दोन गोळ्या हातात घेतल्या की कळतं. साध्या एफएमजे गोळीचं तांब्याचं आवरण टोकाकडे बंद असतं आणि बुडाकडे उघडं, तिथून आतलं शिसं दिसतं. मॅच गोळीचं उलट आहे. तिचं बूड बंद आणि एकसारखं असतं, आणि टोकाला सुईएवढं छिद्र. गोळी बॅरलमधून सुटताना सर्वांत शेवटी बाहेर येतं ते बूड, त्यामुळे त्याची कड गोळीगणिक वेगळी असेल तर दिशाही गोळीगणिक वेगळी होते. तोंडावर दाब जास्त असलेल्या आखूड बॅरलला हे आणखी बोचतं.

चाचणीची तयारी

आदल्या दिवशी घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं तपासून, सगळे स्क्रू बघा. ऑप्टिकचा माउंट हलत असेल तर पुढचं सगळं फुकट. कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर स्क्रू घट्ट करा आणि स्क्रू व माउंट यांच्यावर मिळून पेंट पेनने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे रेंजवर एका नजरेत दिसतं. फ्लॅश हायडर हाताने हलतो का ते बघा. हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हात धरायचं आवरण) फ्री फ्लोट असेल, म्हणजे बॅरलला कुठेही टेकत नसेल, तर कागदाची पट्टी आत सरकवून बॅरलभोवती फिरवा. अडली तर काहीतरी टेकतंय. हँडगार्ड बॅरलला टेकलेलं असलं की पिशवीवर कमी-जास्त दाब पडला तरी मार, म्हणजे गोळी लागण्याची जागा, सरकते.

चेंबर .२२३ चा आहे की ५.५६ चा हे बॅरलवर कोरलेलं असतं. .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चा राउंड वापरू नका, दाब जास्त होतो. .२२३ वाइल्ड (दोन्हींसाठी आखलेलं चेंबर) असेल तर दोन्ही चालतात.

प्रत्येक प्रकारचे राउंड एकाच लॉटचे (एकाच उत्पादन-खेपेचे) घ्या. तीन प्रकार पुरेत: एक स्वस्त ५५ ग्रेन, एक ६२ किंवा ६९ ग्रेन, एक ७७ ग्रेन मॅच. बॅरलचा पीळ १:७ किंवा १:८ (सात किंवा आठ इंचांत एक पूर्ण फेरा) असेल तर तिन्ही स्थिर राहतील. १:९ पीळ असलेल्या बॅरलला ७७ ग्रेनचा हट्ट नको.

डोळ्यांना चष्मा हवाच. कानात फोमचे बोळे आणि त्यांवर मफ, दोन्ही. नुसत्या मफवर आखूड ५.५६ झाडू नका, छपराखाली तर मुळीच नाही. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही आणि हे मी कळकळीने सांगतोय. शेजारच्या बाकावर लहान मूल किंवा नवखा माणूस असेल तर त्याला सांगून सुरुवात करा, बाजूला फेकला जाणारा धक्का त्यालाही लागतो. हँडगार्ड आखूड असल्याने पुढचा हात बॅरलच्या तोंडाकडे घसरू शकतो, त्यासाठी पुढे हँड स्टॉप (हात अडवणारा खुंट) बसवा.

बाकावर

इथेच बहुतेकांचे ग्रुप बिघडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

रेंज ऑफिसरने परवानगी दिल्यावर ५० यार्डांपासून सुरुवात करा. तिथे झिरो झाला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागू लागली, की १०० वर जा. पुढची वाळूची पिशवी हँडगार्डच्या खाली, मॅगझिनच्या थोडी पुढे ठेवा. बॅरलला काहीही टेकू द्यायचं नाही, मॅगझिन बाकावर टेकवायचं नाही. मागची छोटी पिशवी बफर ट्यूबच्या किंवा ब्रेसच्या खाली. रायफलचा दस्ता रुंद असतो, पिशवीत बसून राहतो. बफर ट्यूब गोल आणि गुळगुळीत असल्याने ती पिशवीत किंचित फिरते, हत्यार एका अंगाला कलतं, आणि कलंडलेल्या हत्याराचा मार बाजूला जातो. ट्यूबवर रबराची किंवा फोमची नळी चढवली तर हा त्रास बराच कमी होतो. बाकाची उंची अशी करा की मान न वाकवता डोळा ऑप्टिकमागे येईल.

चाचणीपुरती मोठं करून दाखवणारी दुर्बीण लावता आली तर उत्तम, १-६ एक्स (एक ते सहापट) पुरते. रेड डॉटवरच करायची असेल तर लक्षात घ्या, २ एमओएचा ठिपका १०० यार्डांवर दोन इंच झाकतो. छोट्या काळ्या वर्तुळावर तो ठेवला की वर्तुळ गायब होतं आणि नेम अंदाजे होतो. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर चार-पाच इंचांचा काळा चौकोन छापा, ठिपक्याचा उजेड अगदी मंद करा आणि ठिपका चौकोनाच्या मधोमध बसवा. चारही बाजूंना सारखी काळी पट्टी दिसली की नेम बरोबर. ठिपका दरवेळी काचेच्या मध्यावर ठेवा, कारण स्वस्त डॉटमध्ये तो कडेला गेला की मारही सरकतो.

ट्रिगरवर बोट पहिल्या पेराच्या मध्यावर ठेवून सरळ मागे ओढा, आणि गोळी सुटल्यावरही ट्रिगर मागेच धरून ठेवा. साधा मिल-स्पेक (लष्करी मापाचा) ट्रिगर साडेपाच ते साडेआठ पौंडांचा असतो. हत्याराचं वजनच सहा पौंडांच्या आसपास, म्हणजे ट्रिगर ओढायला जवळजवळ हत्यार उचलण्याएवढाच जोर. पिशवीवरचं हत्यार त्याने हलणारच. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर साडेचार पौंडांच्या आतला चांगला दोन टप्प्यांचा ट्रिगर घ्या, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा नव्या बॅरलने क्वचितच पडतो.

पहिल्या पाचेक गोळ्या मोजायच्या नाहीत, त्या बॅरलमधलं तेल जाळायला. मग एका प्रकारच्या दहा गोळ्या, दोन गोळ्यांमध्ये वीस-तीस सेकंद थांबून. हँडगार्डच्या फटीतून बॅरलवर बोट टेकवायची हौस करू नका. दहा गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा ठेवून पंधरा मिनिटं वाऱ्यावर राहू द्या, तोवर कागद बदला. प्रत्येक राउंडचे असे निदान दोन ग्रुप घ्या. राउंड बदलल्यावर ऑप्टिकला हात लावू नका. मार वर-खाली गेला तरी चालेल, आपण फक्त पसारा मोजतोय.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास का नको

तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की माणूस फोटो काढतो आणि सगळ्यांना सांगतो की माझं पिस्तूल एक इंचाचं आहे. गणित वेगळं सांगतं. हत्यार तेच, हात तोच, राउंड तोच असला तरी गोळ्यांची संख्या वाढली की ग्रुप वाढतोच. तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप दीड इंच येत असेल, तर त्याच हत्याराचा पाच गोळ्यांचा साधारण १.९ इंच येईल आणि दहांचा २.४ इंच. शिवाय तीन गोळ्यांचे ग्रुप लहरी असतात, एक पाऊण इंचाचा तर पुढचाच सव्वादोनचा. त्यातला सर्वांत लहान निवडून तो सांगणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

दहातली एखादी गोळी लांब गेली तर ती 'माझ्या हातून सुटली' म्हणून वगळायची नाही. ट्रिगर ओढताक्षणीच, कागद बघण्याआधी, "ही गेली" असं तुम्ही मोठ्याने म्हणाला असाल तरच ती बाजूला काढायची.

आणखी एक हिशेब समजून घ्या, तो पैसे वाचवतो. हत्याराचा पसारा आणि हाताचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. हत्यार आणि राउंड मिळून २ एमओए, तुमचा हात ३ एमओए, तर कागदावर दिसेल ३.६. आता महागडं बॅरल आणि राउंड घेऊन २ चा १ केलात, तर कागदावर येईल ३.२. बॅरल तेच ठेवून सरावाने हाताचा ३ चा दीड केलात, तर अडीच. बाकावरचा सराव नव्या बॅरलहून स्वस्त का, ते या तीन आकड्यांत आहे.

कागद काय सांगतो

गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या तर पुढच्या पिशवीवरचा दाब बदलतोय, किंवा राउंडचा वेग कमी-जास्त आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर ते लगेच कळतं. आडव्या रेषेत पसरल्या तर ट्रिगरचं बोट, वारा किंवा मघाशी सांगितलेली ट्यूबची कलंडी. दोन वेगळे पुंजके पडले, चार इथे आणि सहा तिथे, तर काहीतरी सैल आहे: आधी ऑप्टिकचा माउंट, मग फ्लॅश हायडर, मग बॅरल नट (बॅरल धरून ठेवणारा नट). बॅरल नट ३० ते ८० फूट-पौंडांत घट्ट हवा. तो स्वतः उघडायचा अनुभव नसेल तर गनस्मिथकडे द्या. गोळीचं भोक गोल न पडता लांबट, चावीच्या भोकासारखं पडलं तर गोळी आडवी होऊन लागते आहे. ताबडतोब थांबा. पीळ आणि गोळीचं वजन जुळत नाही, गोळी फ्लॅश हायडरला घासते आहे, किंवा बॅरल पार झिजलंय.

गोल पण मोठा ग्रुप, आणि तिन्ही राउंडना सारखाच मोठा? आधी त्याच बाकावर तुमच्याहून चांगल्या नेमबाजाला दहा गोळ्या मारायला द्या. त्याचाही तेवढाच आला तर दोष हत्यारात. त्याचा निम्मा आला तर तो कागद सांभाळून ठेवा, कारण तुमच्या बॅरलचा दाखला आता तोच आहे.

झिरो आणि पल्ला

५० यार्डांचा झिरो मला या लांबीला सर्वांत सोयीचा वाटतो. साडेदहा इंचांतून ५५ ग्रेनची गोळी ५० ला झिरो केली तर १०० वर सुमारे एक इंच वर लागते आणि २०० वर दीड-दोन इंच खाली. ऑप्टिक बॅरलच्या वर अडीच इंचांहून उंच बसतो, त्यामुळे पाच-सात यार्डांवर मार दोन इंचांहून खाली जातो. जवळच्या कागदावर गोळी खाली लागली म्हणून झिरो फिरवू नका. २०० यार्डांपलीकडे कमी वेगामुळे गोळी भराभर खाली येते आणि वारा तिला जास्त ढकलतो. आखूड बॅरल मागे पडतं ते इथे, आणि हे मान्य करूनच ते घ्यावं.

.३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची पिस्तुलं वेगळी. ते काडतूसच आखूड बॅरलसाठी आखलेलं, नऊ इंचांतही दारू जवळजवळ पूर्ण जळते. वेगवान सुपरसॉनिक (ध्वनीहून वेगवान) राउंडने दीड ते तीन एमओए धरा. २०० ग्रेनवरच्या सबसॉनिक (ध्वनीहून मंद) गोळ्यांना १:८ किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो, आणि त्यांचे ग्रुप जरा मोठेच येतात. एक धोका मात्र जिवाशी आहे: .३०० ब्लॅकआउटचा राउंड ५.५६ च्या चेंबरमध्ये शिरू शकतो, आणि झाडला तर हत्यार फुटतं. दोन्हींची मॅगझिनं सारखीच असतात. दोन्ही हत्यारं बाळगत असाल तर मॅगझिनांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा आणि एका फेरीत एकच हत्यार रेंजवर न्या. ९ एमएमच्या एआर पिस्तुलाला १०० यार्डांवर तोलू नका, ५० यार्डांवर दोन ते चार इंच आले की ते चोख आहे.

परत निघताना हात आणि तोंड साबणाने धुवा, शिशाची भुकटी बोटांवर असते. रेंजवरचे कपडे मुलांना जवळ घेण्याआधी बदला. कागदांवर तारीख, राउंडचं नाव, लॉट नंबर, अंतर आणि हवामान लिहून ठेवा. दोन प्रकारच्या मॅच राउंडचे दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, त्यांत एक चांगल्या नेमबाजाच्या हातचा, आणि तरीही ५ एमओएच्या पुढे, एवढं कागदावर असेल तर बॅरलच्या कंपनीला फोटोंसकट लिहा. नुसतं "नेम लागत नाही" असं लिहिलेल्या मेलला उलट प्रश्न येतात. मोजलेले कागद जोडले की बॅरल तपासणीला मागवून घेणं त्यांनाही सोपं जातं.